सुदामभाऊंची पौर्णिमेची सही

जमलेल्या सगळ्यांना जय भीम, राम राम.

मला बोलायला उभं केलंत. पण डोकं तापलंय. ते सांभाळून बोलतो. नाही सांभाळलं, तर समजून घ्या.

मी तळेघरचा. या महाळुंगे पडवळात पावणा. कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलेला पोरगा. कशासाठी सोडलं, तेही तुम्हाला ठाऊक आहे, चावडीवर चर्चा कमी झाली नाही. रोहिणीसाठी सोडलं. सुदामभाऊंच्या लेकीसाठी. भाऊ तिकडं विदर्भात, कोळशाच्या खाणीत, रेस्क्यू टीमचे प्रमुख. मी रेल्वेनं थेट तिथं गेलो आणि मागणी घातली. भाऊ हसले. म्हणाले, "लई घाई हाय राव तुला. आदी माझं रजिस्टर लिहायला शीक. खरं लिहिता आलं, तर बोलू."

असा मी रेस्क्यू रूममध्ये हेल्पर झालो.

मंडळी, हे रजिस्टर म्हणजे काय? जमिनीखाली आग लागली, धूर झाला, तर आत शिरणाऱ्याच्या पाठीवर ऑक्सिजनचा संच असतो. तो दर महिन्याला तपासायचा. काय बिघडलं होतं, काय दुरुस्त केलं, कोणी तपासलं, तारीख, सही. टीमनं किती तास सराव केला, डॉक्टरनं कोणाला पास केलं, तेही लिहायचं. धोक्याचा भोंगा झाला की संच खोलून बघायला वेळ कुठं असतो? माणूस त्या एका ओळीवर विश्वास ठेवून उतरतो.

आता जे सांगतो, ते रोहिणीला आजच कळणार आहे.

रोहिणी, तू सुट्टीत खाणीच्या कॉलनीत आली होतीस. तू परत निघालीस त्या दिवशी मी स्टँडवर धावत आलो. म्हणालो, काम संपवून आलोय. खोटं होतं ते. सहा संच तपासायचे होते. मी एकालाही हात लावला नव्हता. सहाही ओळींत 'ठीक' लिहिलं आणि तुझ्या एसटीमागं पळालो.

परत आलो, तर भाऊ रजिस्टर उघडून बसलेले. उठले, एका मास्कवरून बोट फिरवलं. बोट काळं झालं. ते त्यांनी माझ्या पांढऱ्या शर्टाला पुसलं. मी खोडायला पेन उचललं, तर हात धरला. "खोडायचं न्हाई. नुसती एक रेघ मार. खालचं वाचता आलं पायजे. चूक झाली व्हती, ह्येबी खरंच हाय." आणि खाली लिहून घेतलं, 'तपासले नव्हते'. मग रात्र होईपर्यंत सहाच्या सहा संच माझ्याकडून तपासून घेतले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

असा माणूस. आणि खाणीचे साहेबलोक काय म्हणतात? भाऊ स्वतःच्या निष्काळजीपणानं गेले!

काय घडलं ते ऐका. बुद्धपौर्णिमेला भाऊ रजेवर इथं आले, मीही सोबत आलो. निघण्याआधी साहेबांना सांगून आले, "तपासणीचा दिवस हाय, दुसरा माणूस बसवा." मी समोर होतो. आम्ही दोघं परत पोचलो त्याच सकाळी भोंगा झाला. खाली धूर, दोन कामगार अडकलेले. भाऊंनी विचारलं, "संच तपासले का?" साहेब म्हणाले, "झालेत, उतरा." भाऊ उतरले. ते दोघे जिवंत वर आले. आज ते त्यांच्या पोराबाळांत आहेत. भाऊंच्या संचातला ऑक्सिजन अर्ध्या वाटेत बंद झाला.

भाऊ खाली असताना मी रजिस्टर उघडलं. पौर्णिमेची ओळ कोरी होती. कोरी! फोटो काढायचं सुचलं नाही, ते मला जन्मभर टोचणार आहे. दुसऱ्या दिवशी तीच ओळ भरलेली. 'सहा संच तपासले, ठीक.' खाली सुदामभाऊंची सही. याचा मात्र फोटो माझ्याकडं आहे. आणि रजेचा अर्ज म्हणे सापडत नाही.

परवा साहेबांचा फोन आला. "तुझीपण खोटी नोंद आहे पोरा त्यात. गप बस, नाहीतर ती बाहेर काढू." साहेब, काढा की! मीच काढली. रोहिणीसमोर, तिच्या आईसमोर, भर मांडवात काढली. आता काय दाखवून भीती घालणार?

मंडळी, पौर्णिमेला भाऊ खाणीत संच तपासत होते का?

पारूआजी, तुम्ही सांगा. विहारासमोर चूल कोणी पेटवली होती? खिरीचं पातेलं कोणी ढवळलं? थोडा वेळ पळी माझ्या हातात दिली आणि मी रोहिणीकडं बघत बसलो. खीर खालून करपली. भाऊंनी काय केलं? झाकपाक केली? माइक घेतला आणि सांगितलं, "खीर करपल्याली हाय. चुकी आमची हाय. ज्याला चालंल त्यानंच घ्या." आणि आजी, तुम्ही वाटी पुढं करून म्हणालात, "सुदाम, खीर हाय का खाणीतला कोळसा?" अख्खा मांडव हसला होता. भाऊ सगळ्यांत मोठ्यानं.

आता हसलात ना? म्हणजे आठवतंय. एवढंच मला पाहिजे होतं.

सोमवारी भाऊंच्या अपघाताची चौकशी आहे. पौर्णिमेला भाऊ इथं होते, या तुमच्या जबाबाचा कागद मी लिहून आणलाय. कोणी काही बोलो, मी तो घेऊन जाणार. सगळ्यात वर माझी सही आहे, आणि माझी ती खोटी नोंदसुद्धा कबूल करून लिहिली आहे. त्या कबुलीवर एक रेघही मारलेली नाही.

आता उठूया. दोन मिनिटं भाऊंसाठी गप्प उभं राहू. दोनच मिनिटं. त्यानंतर गप्प राहायचं नाही.

मग इथं टेबलापाशी या. ज्यानं ती करपलेली खीर भाऊंच्या हातून घेतली, त्यानंच सही करायची. जो त्या दिवशी इथं नव्हता, त्यानं भाऊंच्या मायेपोटीसुद्धा करू नये.

भाऊंना चालणार नाही.

भाऊ, शेवटचा जय भीम.