सोमवारची धुलाई

लेलंड : – आणि ही जाळी? हीसुद्धा तुझ्याच हातची?

कर्ट : कुठली जाळी?

लेलंड : बाहेरच्या भिंतीवरची. कपडे वाळवायच्या गॅस-ड्रायरची गरम हवा जिथून बाहेर पडते, त्या तोंडावर बसवलेली. चार स्क्रू, चारही सरळ. तुझ्या वडिलांचा एक तरी वाकडा गेला असता, म्हणून तुला विचारतोय.

कर्ट : हो, मीच बसवली. मागच्या एप्रिलमध्ये. पाइपात चिमणी शिरली होती आणि आई दोन दिवस तिच्याशी गप्पा मारत होती. पण लेलंड, ते राहू द्या. तुम्ही एवढा ड्रायर चालू करून द्या. शनिवारी घर बघायला माणसं येतायत. आणि उद्या गुरुवार, आईला घेऊन जायचंय तिथे... सह्या करायला.

लेलंड : वृद्धाश्रमात. म्हण की, शब्द चावत नाही.

अर्डिस : (वरून) लेलंड! कॉफीत साखर किती घालू? विचारलं का रे मी हे आधी?

लेलंड : नाही गं अर्डिस, पहिल्यांदाच विचारतेयस. दोन चमचे.

अर्डिस : आणि कर्ट, लिंबाच्या वड्या आज जळल्या नाहीत हं. मी ओव्हनसमोर खुर्ची टाकूनच बसले होते. तुला आता काळजी नको.

कर्ट : बरं, आई. पायऱ्या उतरू नकोस, आम्हीच वर येतो. – बघितलंत ना? खुर्ची टाकून बसते. सहा महिन्यांपूर्वी ही बाई सबंध चर्चचं जेवण एकटी रांधत होती.

लेलंड : बघितलं. मला तर ठणठणीत वाटली. इकडे ये, वाक जरा. ही खालची पट्टी मी काढलीय. आत बघ, मी चालू करतो. काय दिसतंय?

कर्ट : लाल झालं काहीतरी... आता आग पेटली.

लेलंड : रंग कसला?

कर्ट : पिवळा. आगीचा असतो तसा.

लेलंड : चुलीतल्या आगीचा असतो. गॅसची ज्वाळा निळी हवी. हवा कोंडली की ती अशी पिवळी होते. बघ, विझली. यंत्र तापलं की स्वतःच गॅस तोडतं, मग निवतं, मग परत पेटतं. म्हणून एका घाण्याला तीन तीन तास लागत होते. आता ह्या माझ्या मीटरकडे बघ.

कर्ट : चाळीस. पन्नास... हे कसलं मीटर?

लेलंड : कार्बन मोनॉक्साइडचं. बिनवासाचा वायू, विषारी, डोक्यात भिनतो. ऐंशी. बस झालं, बंद केला. ती खिडकी उघड. पूर्ण उघड, गारठलास तर गारठलास.

कर्ट : पण आईची साफसफाई तर कडक असते. दर खेपेला आतली गाळणी काढून झाडते.

लेलंड : गाळणी चकचकीत आहे, तिच्याकडे बोट दाखवायला जागा नाही. तरी कपड्यांचा थोडा कापूस पुढे सुटतोच, तो वाऱ्यावर जायला हवा. तुझ्या जाळीने तो धरून ठेवला. हे बघ, मघाशी त्यातलं थोडं उपटून आणलंय, बाकी अजून तिथेच आहे.

कर्ट : हे... ही तर गोधडी आहे.

लेलंड : एप्रिलपासूनची. मग धूर जाणार कुठे? पाइपाच्या सांध्यांतून इथेच, तळघरात. आणि ही खुर्ची इथे कोणाची?

कर्ट : आईची. कपडे गरम असतानाच घड्या घालायच्या असतात तिला. चर्चचे टेबलक्लॉथ, गायकांचे झगे, सगळं तिच्याकडेच येतं. हिवाळ्यात इथे ऊबही असते. रेडिओ लावून बसते.

लेलंड : किती वेळ?

कर्ट : पूर्वी तासभर. आता वाळायला वेळ लागतो म्हणून... दुपारभर.

लेलंड : आणि ह्या खिळ्याला काय टांगलेलं होतं?

कर्ट : काही नाही.

लेलंड : कर्ट, रंग उडालेला नाही तेवढा गोल भिंतीवर राहिलाय.

कर्ट : ह्याच वायूचा अलार्म. मी काढला. आई म्हणायची, धुलाईच्या दिवशी केकाटतो. मी दर शनिवारी मिनियापोलिसहून यायचो, तर गप्प असायचा. मला वाटलं, जुना झालाय. नाहीतर...

लेलंड : नाहीतर?

कर्ट : नाहीतर तिला भास होतायत. डॉक्टरांसाठी मी फोनवर यादी ठेवली होती, त्यात लिहिलं तसं. 'नसलेले आवाज ऐकू येतात.'

लेलंड : वाच ती यादी.

कर्ट : आत्ता?

लेलंड : तारखांसकट.

कर्ट : चौदा ऑक्टोबर, दूध गॅसवर ठेवून विसरली. चार नोव्हेंबर, मला बाबांच्या नावाने हाक मारली. पंचवीस नोव्हेंबर, टेबलक्लॉथ पोचवून येताना रस्ता चुकली, पुढच्या शनिवारी मी गाडीच्या किल्ल्या काढून घेतल्या. नऊ डिसेंबर, डोकं दुखतंय म्हणाली, एकच गोष्ट चारदा सांगितली. सहा जानेवारी...

लेलंड : वार कोणते?

कर्ट : वार नाही लिहिले. थांबा, बघतो. सोमवार. सोमवार. हाही... लेलंड, हे सगळे सोमवार आहेत. तिच्या धुलाईचा वार.

लेलंड : एकूण एक?

कर्ट : नाही! एक मंगळवार आहे. एकवीस जानेवारी, पडली होती. बघा, म्हणजे तसं काही नाही.

लेलंड : त्या सोमवारी वादळात वीज गेली होती. अख्ख्या डुलुथमध्ये. कपडे केव्हा धुतले असतील?

कर्ट : ...मंगळवारी. फोनवर म्हणाली होती, एक दिवस उशीर झाला म्हणून.

लेलंड : पाणी पी.

कर्ट : मी रोज फोन करत होतो. रोज. ती म्हणायची, 'माझं डोकं चालेनासं झालंय रे, रागावू नकोस.' आणि मी म्हणायचो, 'नाही रागावत, आई.' वर मोठेपणा! माझ्याच जाळीने तिला विष घातलं, ओरडणारं यंत्र मीच काढलं आणि ती ओरडली तर तेही यादीत लिहिलं.

लेलंड : जाळीचं म्हणशील तर अर्ध्या गावाने बसवलीय, पोटात माया असते म्हणूनच बसवतात. आठवड्याला एक तरी मी उतरवतो. त्याचं ओझं नको घेऊस.

कर्ट : आणि यादीचं?

लेलंड : त्याचं मी काय सांगू?

कर्ट : म्हणजे ती बरी आहे? नक्की?

लेलंड : मी ड्रायर दुरुस्त करतो, माणसं नाही. वयाचंही थोडं असेल. आजच डॉक्टरांना फोन कर, हा आकडा सांग, वार सांग. पण मी तुझ्या जागी असतो तर उद्या कुठेही सह्या केल्या नसत्या.

कर्ट : तिने खोके भरून ठेवलेत. एक शब्द बोलली नाही. 'तू म्हणतोस तर असेल' एवढंच. तिला कसं सांगू हे?

लेलंड : तोंडाने. अलार्म फेकलास की आहे?

कर्ट : आहे. बाबांच्या हत्यारांच्या खणात. हा बघा.

लेलंड : नवी बॅटरी घे, घाल. आज चालून जाईल, उद्या नवीन आण. टांग खिळ्याला. आता ते बटण दाब आणि धरून ठेव.

(अलार्म वाजू लागतो.)

अर्डिस : कर्ट? अरे, खाली काही... नाही, नाही, काही नाही रे. कॉफी झालीय. मला उगाच वाटलं काहीतरी वाजतंय म्हणून. तू लिहू नकोस हं ते.

कर्ट : वाजतंय, आई. मलाही ऐकू येतंय.