खुशाल नसलेलं कार्ड

माझ्या अक्षराचं तुम्ही एवढं कौतुक करता, म्हणून हे सांगतो. गुंजवण्याला मी टपाल सांभाळायचो आणि लोकांची पत्रंही लिहून द्यायचो. एका सकाळी पारूबाई आली. तिची तान्ही लेक जाऊन महिना झाला होता. म्हणाली, "मास्तर, उत्रोलीला माझ्या भावाला कार्ड लिवा."

मी सवयीनं पहिली ओळ लिहून वाचून दाखवली, "इकडे सर्व खुशाल."

"खुशाल असते तर हितं कशाला आले असते?"

मी ओशाळलो. कार्ड फाडलं आणि म्हणालो, "तुम्ही बोला, मी ऐकतो."

ती बराच वेळ बोलली. शेवटी म्हणाली, "नदीवर गेले की माघारी यावंसं वाटत न्हाई."

देवाधर्माचं बरंच काही माझ्या तोंडाशी आलं होतं, ते गिळलं. म्हणालो, "पारूबाई, आज तुम्हाला एकटं सोडणार नाही. भावाला बोलावू का?"

तिनं होकार दिला. टपालाला दोन दिवस लागले असते, म्हणून नव्या कार्डावर 'आजच ये' एवढंच लिहून ते उत्रोलीवरून जाणाऱ्या भोरच्या एसटीच्या कंडक्टरकडं दिलं. माझ्या बायकोला बोलावून पारूबाईजवळ बसवलं.

संध्याकाळच्या गाडीनं भाऊ धावत आला. दुसऱ्या दिवशी तिला डॉक्टरांकडं न्यायचं ठरलं. निघताना तो माझे हात धरून म्हणाला, "मास्तर, आक्काला तुमी लई धीर दिला."

"कसला धीर?" पारूबाई म्हणाली. "मास्तरच रडत व्हते. त्यास्नी पाणी म्या दिलं."