चार नंबरची खेळाडू

(रविवारची दुपार. गुडगावहून दिल्लीपलीकडच्या वैशालीला निघालेली गाडी टोलच्या रांगेत अडकली आहे. बळवंत गाडी चालवतो आहे, शेजारी त्याची बायको सुनंदा. मागे मुलगी देवयानी, रग्बीच्या मैदानातल्या मातीने भरलेल्या चार नंबरच्या जर्सीतच.)

देवयानी : शिट्टी वाजवलीत ना? मग दिसलं होतं तुम्हाला.

बळवंत : दिसलं. त्या मुलीने मागून जर्सी धरून तुला पाडलं. पेनल्टी दिली, तिला पिवळं कार्ड दाखवून बाहेर काढलं. आणखी काय करायचं होतं?

देवयानी : पेनल्टी ट्राय द्यायचा होता.

सुनंदा : हे काय असतं ते मला कुणीतरी नीट सांगा. सकाळपासून डबा मांडीवर घेऊन उन्हात बसलेय. शेवटी आपल्या मुली रडताहेत एवढंच कळलं.

देवयानी : त्यांच्या लाइनपलीकडे बॉल जमिनीला टेकवला की ट्राय, आई. पाच पॉइंट. मी बॉल पायाने पुढे मारला, तो लाइनपार जाऊन थांबला. मी मागे पळतेय, माझ्या पुढे कुणी नाही. चार पावलं राहिली होती यार. तेवढ्यात मागून खेचलं. असा चीटिंग करून अडवलेला ट्राय रेफरी देऊन टाकतो, झालाच असं धरून. वर किकचे दोन, किक न मारताच.

सुनंदा : आपले सात होते.

देवयानी : आणि त्यांचे बारा. आम्ही चौदा झालो असतो. आम्ही पुण्याला नॅशनल खेळलो असतो.

बळवंत : मॅच तेवढ्यावरच संपली नसती.

देवयानी : शेवटचं मिनिट होतं, बाबा.

बळवंत : आणि मी पेनल्टी दिलीच होती. तुम्ही घाईघाईत घेतलीत, बॉल हातातून सुटला, वेळ संपली. ते माझ्यामुळे नाही झालं.

देवयानी : अच्छा. म्हणजे चूक आमची.

बळवंत : तसं म्हणत नाहीये मी. त्यांची शेवटची खेळाडू डावीकडून येत होती. तू घसरली असतीस, बॉल उडाला असता. खात्रीने ट्राय झालाच असता, असं कुणी सांगावं?

देवयानी : खात्री लागतच नाही. नियमात ‘बहुतेक’ आहे. कुणी शिकवलं मला? आठवीत होते मी. तुम्ही टेबलावर वाट्या मांडल्या होत्या. आमटीच्या वाटीने फाउल केला. म्हणालात, आता ही वाटी उचल, ती तिथे नव्हतीच असं समज, आणि मग सांग, बहुतेक ट्राय झाला असता की नाही.

बळवंत : शिकवलं होतं.

देवयानी : मग आज उचलली का वाटी?

बळवंत : ती डावीकडची...

देवयानी : ती वीस मीटर लांब होती. मी जमिनीवर पडून तिला बघत होते. ती पळायचीसुद्धा थांबली होती.

सुनंदा : अहो, पुढची गाडी सरकली.

बळवंत : मैदानावर दोनशे माणसं होती, देवयानी. तू कोण आहेस ते प्रत्येकाला माहीत होतं. शेवटचं मिनिट, आणि बापाने मुलीला ट्राय देऊन मॅच जिंकून दिली. उद्या लोकांनी काय म्हटलं असतं?

देवयानी : मग मॅच घेतलीत कशाला?

बळवंत : ठरलेला रेफरी पानिपतच्या पुढे जाममध्ये अडकला. दिल्लीत आहोत किती जण आम्ही? आणि मी मागून नाही घेतली. त्यांचाच कोच आला होता माझ्याकडे. म्हणाला, मोडक साब, आप ही करा दो, आप बेईमानी नहीं करोगे.

देवयानी : बिल्कुल. त्याला पक्कं ठाऊक होतं. मोडक साब मुलीला फुकटचं काही देणार नाहीत, आणि हक्काचं तर त्याहून नाही.

बळवंत : तोंड सांभाळ.

देवयानी : माझं एक वेळ सोडा. इंडिया कॅम्पची निवड नॅशनलमध्येच होते आणि मला सव्वीस संपतंय, पुढच्या वर्षी हा गुडघा चालेल की नाही मला माहीत नाही. ते सगळं सोडा. पण टीममधल्या बाकीच्या सहा जणींचं काय? त्यांचा बाप तर रेफरी नव्हता ना?

सुनंदा : बोला आता.

बळवंत : तूही सुरू झालीस?

सुनंदा : मी एकवीस वर्षांपूर्वी सुरू व्हायला हवं होतं. शिक्षकांच्या बदल्यांची यादी तुमच्या टेबलावर आली तेव्हा दिल्लीसाठी पहिलं नाव माझं होतं. नियमाने होतं. ही पाच वर्षांची होती.

बळवंत : तो विषय इथे कशाला?

सुनंदा : तुम्ही मला खाली ढकलून पाचवी केलंत, दिल्ली हुकली. लोक काय म्हणतील म्हणून. पानिपतच्या शाळेत तीन वर्षं रोज गाडीने जायचे-यायचे मी. सकाळी ही झोपलेली असायची. वेणी शेजारच्या कौरबाई घालायच्या. आणि ऑफिसात सगळे तुमची तारीफ करायचे, मोडक म्हणजे देवमाणूस.

बळवंत : त्या वेळी तू काही बोलली नाहीस.

सुनंदा : तुमच्या सेंडऑफला तोच किस्सा सांगितला साहेबांनी. टाळ्या पडल्या. मीपण वाजवल्या, लोक बघत होते म्हणून.

देवयानी : मला हे कुणी कधी सांगितलंच नाही.

सुनंदा : काय सांगायचं? तुला बाबांचा केवढा अभिमान होता.

देवयानी : बाबा, एकच विचारते. माझ्या जागी त्यांची मुलगी असती, आणि मागून खेचणारी मी असते, तर?

बळवंत : थांब, टोल आला.

देवयानी : तुम्ही आजपर्यंत खोटं बोलला नाहीत. हे सगळं त्याच्यासाठीच चाललंय ना?

बळवंत : दिला असता.

देवयानी : विचार न करता?

बळवंत : शिट्टी तोंडात असतानाच पोस्टखाली धावत गेलो असतो. तुझ्या वेळीही पाय निघाले होते. दोन पावलं गेलोही होतो. मग तू मान वर करून बघितलंस माझ्याकडे, आणि मी थांबलो.

देवयानी : फाउल करणारीला बाजूला काढायचं होतं, बाबा. तुम्ही मला काढलंत.

सुनंदा : टोलचे सुट्टे माझ्याकडे आहेत. काच खाली घ्या.

बळवंत : रात्री मॅचचा रिपोर्ट पाठवायचा आहे. त्यात लिहीन मी, रेफरीचा निर्णय चुकला. रिझल्ट त्याने बदलत नाही. पण लिहीन. शेवटच्या मिनिटाला माझ्या मुलीला...

देवयानी : मुलगी नका लिहू. नाव पण नको.

बळवंत : मग?

देवयानी : चार नंबर लिहा. मैदानात मी तेवढीच होते.