मंत्र्यांनी पाठवलेला बैल

हे कोणाला सांगणार नाही असं मी कबूल केलंय, म्हणून तुम्हीही बोलू नका.

अमेरिकेत आमचा पोळा दरवर्षी मातीच्या बैलांचा असतो. यंदा इथल्या राज्याचे कृषिमंत्री पाहुणे होते आणि शेजाऱ्याचा आहे असं सांगून त्यांनी एक म्हातारा बैल पाठवला होता. पूर्वी त्यांचा गुरांचा मोठा फार्म होता. भाषणात ते म्हणाले, "मंत्री झालो आणि नियमाप्रमाणे सगळी गुरं विकली. एकही ठेवलं नाही."

नागपूरच्या शुभदाकाकूंनी बैलाला ओवाळून पुरणपोळी पुढे केली. त्याने तोंड फिरवलं.

"मालकाच्या हातून खाईल. मालक कुठंय?" काकूंनी विचारलं.

"तो बिझी आहे," मंत्री म्हणाले.

"म्हणजे सणाला हा उपाशी!"

मंत्र्यांनी गुपचूप माझ्या ताटातली पोळी उचलली. बैलाने ती खाल्ली आणि सवयीने त्यांच्या कोटाच्या खिशात नाक घातलं. आत गाजर होतं.

मंत्री लाल झाले. मला हळूच म्हणाले, "याला फक्त खाटीक घेत होता. प्लीज, काकूंना सांगू नकोस."

काकू मागेच उभ्या होत्या. त्यांनी चार पोळ्यांचा डबा त्यांच्या हातात दिला. "शेजाऱ्याला द्या हं. म्हणावं, एकट्याने खाऊ नको."

त्यावर मंत्री म्हणाले, की शेजारी— थांबा, आई हाक मारतेय. आले गं आई!