दहाही बोटं शाबूत

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील पाहुणे, पहिल्या रांगेत बसलेल्या आमच्या मामी, कार्यालयातली मंडळी आणि प्रेस शॉपमधले माझे भाऊबंद, सगळ्यांना मनापासून नमस्कार.

आज ज्यांना निरोप द्यायचा, ते आमचे मामा माझ्या डाव्या हाताला बसलेत. कानात यंत्र असूनही माझं बोलणं त्यांना अर्धंमुर्धंच ऐकू येतंय. एका परीने बरंच आहे, कौतुक सुरू झालं की ते उठून जातात.

पत्रा कापणाऱ्या प्रेसचा दणका ज्यांनी ऐकला नाही त्यांना सांगतो, आमच्या शॉपमध्ये तोंडाने कुणी बोलत नाही. सगळा कारभार हातांनी. आणि पाळी संपली की प्रत्येकाने दोन्ही पंजे उघडून मामांना दाखवायचे. दहाही बोटं शाबूत, मग घरी जा. हा नियम कंपनीचा नव्हे, मामांचा.

तर मागे आपल्या कंपनीने वृद्धाश्रमात कानाची यंत्रं वाटली. सामाजिक बांधिलकी म्हणून. काम चांगलंच होतं. मामा तिथे आपणहून खुर्च्या मांडायला आले होते. यंत्रं वाटायला आलेल्या पाहुण्यांनी मागून हाक मारली, मामा वळले नाहीत. पुन्हा मारली, तरी नाहीत. पाहुण्यांना वाटलं, आश्रमातले आजोबा लाजतायत. त्यांनी मामांना हाताला धरून खुर्चीत बसवलं, कानात यंत्र घातलं आणि फोटोही काढला. अध्यक्ष महोदय, तुम्ही शेजारीच होता. आज हसताय, तेव्हा तुमचा चेहरा उतरला होता.

आम्ही मात्र पोट धरून हसलो. मग मामा अंगणातल्या झाडाखाली जाऊन पाखरं ऐकत उभे राहिलेले दिसले, आणि आमचं हसू जिरलं.

दुसऱ्या दिवशी मामांनी ते यंत्र आपल्या अध्यक्षसाहेबांच्या टेबलावर ठेवलं. म्हणाले, "साहेब, हे आश्रमातल्या कुणाच्या तरी वाटचं आहे. आपल्याकडे नवी पोरं आलीत. त्यांना असलं काही लागू नये, तेवढं बघा. समाज काय गेटच्या बाहेरच सुरू होतो?"

साहेब उठले आणि अख्खी पाळी आमच्यात उभे राहिले. पुढे प्रेसभोवती आवाज अडवणाऱ्या भिंती आल्या, मामांनाही यंत्र मिळालं. पण कानात बोळे घालायचे कुणी? 'आपल्याला काय होतंय' ही आमची मिजास. मामा दारातच उभे राहायचे, बोळे नसले की आत सोडायचे नाहीत. आम्ही शिव्या घालायचो. ते म्हणायचे, "घाला, मला कुठे ऐकू येतात?"

परवा नव्या मुलांचे कान तपासले. सगळ्यांचे ठणठणीत निघाले. मी मामांना ओरडून सांगितलं, त्यांना कळेना. मग हातांनी सांगितलं. मामा रडले, मीही रडलो.

आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. मी मशीनवरचा माणूस, काही वेडंवाकडं बोललो असेन तर पोटात घाला. एकच विनंती, टाळ्या वाजवू नका, त्या मामांपर्यंत नीट पोचायच्या नाहीत. सगळ्यांनी दोन्ही पंजे उघडून वर धरा. अध्यक्ष महोदय, आपणही.

मामा, बघून घ्या. सगळे शाबूत आहेत. आता तुम्ही घरी जा.