कुंकू लावलेला पत्रा

(दुपार कलली आहे. मनकर्णाबाई अंगणात मोहफुलं वाळत घालताहेत. रस्ते खात्यात इंजिनिअर असलेला त्यांचा भाचा प्रफुल ओट्यावर बसला आहे.)

प्रफुल : फक्त एक पाय ठेवाचा हाय, मावशी. त्या पत्र्यावर वजन पडलं का पिवळा लाइट पेटते, ट्रकवाला ब्रेक मारते, तू रस्ता ओलांडते. झालं.

मनकर्णा : ज्याले तुह्या साहेबानं हार घातला, त्याच्यावर पाय ठेवू?

प्रफुल : ते उद्घाटन होतं.

मनकर्णा : नारळ फोडला. हळद-कुंकू वाहिलं. आरतीचं ताट कोनाच्या घरचं होतं? तूच नेलं. ‘मावशी, तूच ओवाळ,’ म्हने.

प्रफुल : फोटोसाठी लागत होतं सगळं. सरकार आता म्हणते, हायवेवर काही नवीन करून दाखवा, आम्ही पैसा देतो, बक्षीस देतो. चाललं तर अख्ख्या रस्त्यावर लावतो. आमच्या ऑफिसनं हे दाखवलं.

मनकर्णा : मले कोनी सांगतलं का हे दाखवाचं हाय म्हनून? तवापासून रोज तुळशीले पानी घातलं का एक फूल त्या पत्र्यावर ठेवतो मी. इतके खदानीचे ट्रक जाते इथून. म्हटलं, गावाची राखन करन. म्हून तं बाया त्याच्यावर पाय ठेवत नाई, बाजूनं जाते.

प्रफुल : तेच साहेबानं वर कळवलं. ‘पादचाऱ्यांनी यंत्रणेचा वापर केला नाही.’

मनकर्णा : म्हनजे सोमारीचा दोष.

प्रफुल : दोष नाई. कारण.

मनकर्णा : सोमारीचा देव वेगळा, बाबू. कुंकवाशी तिचं काई घेनंदेनं नाई. माहा मान राखाले ती बाजूनं गेली, डोक्यावर टोपलं घेऊन. ट्रकनं उडवलं तिले. आता चंद्रपूरच्या दवाखान्यात पडली हाय, एक पाय गेला. तवापासून माह्या गळ्याखाली घास उतरत नाई. लोकाईले वाटते, बाईनं नवा उपास धरला.

प्रफुल : तू काऊन मनाला लावून घेते? उद्या दिल्लीहून कमिटी येऊन राह्यली. पहिले तू ओलांडलं तर बाकीच्या बाया मागं येतीन. साहेब तर म्हणते, सोमारीलेबी गाडीनं आणू. सत्कार करू, शाल देऊ.

मनकर्णा : तिले शाल?

प्रफुल : रस्ता सुरक्षेची दूत म्हणून.

मनकर्णा : ऊठ. तिथी लोट्यात पानी हाय. चूळ भर. बाहेर जाऊन भर, माह्या अंगनात थुकू नको.

प्रफुल : मी नाई म्हटलं, मावशी. साहेब म्हणाले.

मनकर्णा : तू ते तोंडात धरून इथवर आनलं ना.

प्रफुल : हे पास झालं तर एटापल्लीपर्यंत गावोगावी लागते. अन् माही बदली होते ब्रह्मपुरीला. तुही सून दिव्या तिथं एकटीच लेकराला घेऊन राहते. पोरगं मले पाहून आईच्या मागं लपते आता.

मनकर्णा : …बरं. तोंड पाडू नको. ठेवतो पाय.

प्रफुल : खरंच?

मनकर्णा : उद्याच्या तमाशासाठी नाई. आत्ता. बाया जंगलातून येतच असतीन. त्याईच्या डोळ्यासमोर ठेवतो. सांगतो, याच्यात देव नव्हता, मीच भुलली. बिनघोर पाय ठेवा, लाइट पेटते, ट्रक थांबते. देव घेईन समजून. चाल.

प्रफुल : आत्ता नको.

मनकर्णा : काऊन?

प्रफुल : ट्रक सुरू हाएत.

मनकर्णा : ट्रक सुरू असल्यावरच तं लाइट पाह्यजे. उद्या तुम्ही अडवूनच ठेवान त्याईले.

प्रफुल : मावशी, बस ना. ऐक.

मनकर्णा : हात सोड.

प्रफुल : लाइट पेटत नाई.

मनकर्णा : म्हनजे?

प्रफुल : बॅटरी गेली. नवीन आज बसवणार हाएत. कमिटीच्या आधी.

मनकर्णा : कवा गेली?

प्रफुल : कवा का असेना. आज नवीन बसते ना.

मनकर्णा : प्रफुल. कवा गेली?

प्रफुल : उद्घाटनानंतर लगेच. आठवडाही नाई टिकली.

मनकर्णा : म्हनजे सोमारीनं पाय ठेवला असता, तरी…

प्रफुल : नसता पेटला.

मनकर्णा : अन् हे तुले मालूम होतं. मी घास टाकून बसली, तवाबी.

प्रफुल : साहेब म्हणाले, आधी कमिटी होऊ दे, मंग बोलू.

मनकर्णा : ते मोहफुलं झाक, ढोरं तोंड घालतीन. मी रस्त्यावर जातो. बायाईले हात धरून पलीकडे नेतो, अन् तशीच चंद्रपूरची गाडी धरतो. सोमारी तिथी पडल्या पडल्या येईन त्याले सांगून राह्यली, चूक माहीच म्हनून. तिले तू सांगतं का मी सांगू?