दीपिकाची साक्ष

— बिस्कुटं काऊन आनली वं बाई? पोरीच्या घशाखाली पानी उतरत नाई अजून. ठेवा बाजूले. बसा. प्रार्थनेतल्याच ना तुमी? चामोर्शीकडच्या, हाव ना? चेहरा पाह्यल्यासारखा वाटते. जरा त्या दाराकडं लक्ष ठेवा — सिस्टर हाक मारन, दीपिकाची माय कोन म्हनन. कालपासून फिटवर फिट, एक थांबली का दुसरी, जीभ चावली पोरीनं. आत गेली तर मले हाकलून राह्यले — मावशी, बाहेर बसा. बसा! बसवते का इथी?

गोळ्या? कोनत्या गोळ्या? होत्या ना चालू. डाक्टरनं बी हेच विचारलं, रोज देत होत्या का म्हनून. जंगू, तिचा बाप, हाव म्हनला. मी काई बोलली नाई. तुमी काऊन तेच तेच विचारता? पास्टरनं बंद करवल्या असं कोनी सांगत असन तर साफ झूट हाये. थो मानूस सोता शुगरची गोळी खाते — आमच्या घरी जेवाले बसला का आधी गोळी, मंग डोळे मिटून प्रार्थना. दोन्ही देवाचंच देनं म्हनते. त्याले नाव नका ठेवू.

माह्यंच डोकं फिरलं. आमच्यात बरं झालं का मंडळीसमोर उभं राहून साक्ष द्या लागते, माईक हातात देतात. पावसाळाभर फिट आली नाई, मी उभी झाली. येशूनं माह्या पोरीले मोकळं केलं, म्हनली. साऱ्यायनं टाळ्या वाजवल्या, जंगू रडला वं बाई, लहान लेकरावानी. अन् सांजच्याले घरी गोळी काढली तर हातच थांबला. आत्ता देवासमोर बरी झाली म्हनली, अन् आता गोळी? मंग मी खोटं बोलली का — त्याच्या घरात? जंगू बिचारा दवाखान्यातून आनत राह्यला, मी कोठीत धानाखाली दाबत राह्यली. त्याले मालूम नाई, पास्टरले मालूम नाई. अन् कितीतरी दिवस काईच झालं नाई ना! त्या दिवसायनंच तर घात केला.

आता रातभर येशूचंच नाव घेऊन राह्यली अन् त्याच्यावरच चिडून राह्यली. डाक्टरले सांगा लागन का? न सांगता भलतंच औषध देतीन… समजते मले. पन जंगूले काय तोंड दाखवू?

तुमी काऊन रडता? तुमचं कोन हाये इथी? कोनीच नाई? मंग एवढ्या दूर मले पाहाले — थांबा. मी साक्ष दिली त्या रविवारी तुमी मागं बसल्या होत्या. मांडीवर पोरगं होतं, पास्टरनं प्रार्थना करून त्याच्या डोक्याले तेल लावलं. त्याले बी फिट येते म्हनत होत्या. माह्या हाताले धरून विचारलं तुमी, खरंच बरी झाली का? अन् मी —

त्याच्या गोळ्या? बाई, बोला ना. बंद केल्या? माह्यी साक्ष ऐकून?

माय वं…

उठा. रडू नका इथी बसून. चामोर्शीची गाडी लागली असन, घरी जा, पोराले घेऊन इथीच या, आजच्या आज. माह्याकडं काय पाहून राह्यल्या? जा म्हनते ना! बिस्कुटं घेऊन जा, त्याले द्या —

सिस्टर! ओ सिस्टर! डाक्टरले बोलवा. अन् तिच्या बापाले बी.